नालापारचं समाधान मोजणेबाबत

दौलतआबा बऱ्हाट्यांनी सुनेशी बोलणं सोडलं त्याला आज सहा दिवस झाले होते. बोलणं सोडलं म्हणजे संपर्क सोडला, असं मात्र मुळीच नाही. सकाळी केतकी स्वयंपाकघरात आली तर ओट्यावर साखरेच्या डब्याखाली कागद.

‘प्रति, सौ. केतकी बऱ्हाटे, राहणार याच घरी. विषय : चहात साखर वाढवून मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, कालच्या चहात साखर नाममात्र होती. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ खाली सही, तारीख आणि ‘प्रत माहितीसाठी : माई’.

केतकीने कोपऱ्यात ‘मधुमेहामुळे नामंजूर’ असा शेरा मारला आणि कागद चहाबरोबर बाहेरच्या खोलीत पाठवून दिला. बाहेरून एक मोठं ‘हं!’ ऐकू आलं.

आबांचा पिंडच अर्जाचा. केळी परराज्यात पाठवणाऱ्या एका सोसायटीत त्यांनी चौतीस वर्षं कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर सगळी ताकद धरणखेडे महानगरपालिकेकडे वळवली. मोठ्या नाल्यावर पायी जाण्यापुरता एक पूल व्हावा, एवढंच त्यांचं मागणं. त्यासाठी अकरा वर्षांत त्रेसष्ट अर्ज झाले होते. त्रेसष्ट! एवढ्यात माणूस आत्मचरित्र लिहून मोकळा होतो.

आता हा पूल कशाला हवा होता ते सांगतो. नाल्याच्या एका काठावर नालापार वस्ती, म्हणजे वॉर्ड सात. दुसऱ्या काठावर जुनी पेठ. मध्ये अंतर जेमतेम पंचवीस पावलांचं, पण खाली कमरेएवढं काळं पाणी. रस्त्याने जायचं तर मालधक्क्याला वळसा, रेल्वेचं फाटक, मग हायवे, असे सव्वातीन किलोमीटर. नालापारच्या काठावर आबांचं घर आणि बरोब्बर समोर, पलीकडच्या काठावर, आबांच्या पत्नीच्या, म्हणजे माईंच्या, सख्ख्या धाकट्या बहिणीचं, इंदूमावशीचं घर. मावशीचा नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याला सोडून तिला तासभर कुठे निघता येत नाही. माईंच्या गुडघ्यांनी कधीच हात टेकलेले. चार वर्षांपूर्वी दिवाळीला त्या मालधक्क्याच्या खड्ड्यांतून रिक्षाने गेल्या, तर परतल्यावर पंधरा दिवस पाठ धरून होत्या. डॉक्टरांनी बजावलं की पुन्हा रिक्षाचं नाव काढायचं नाही. तेव्हापासून दोघी बहिणी एका चटईवर बसलेल्या नव्हत्या.

रोज दुपारी माई मागच्या ओट्यावर उभ्या राहायच्या.

“इंदेऽऽ! जेवली का वं?”

“जेवली! तू?”

“मी बी! भाऊजींचा खोकला?”

“तसाच हाये!”

सगळी वस्ती ऐकायची. दोघींकडे फोन होते हो, चेहरा दाखवणारे. पण फोनमध्ये इंदी चपटी दिसते, असं माईंचं म्हणणं होतं.

तर मग सून आणि सासऱ्याचं बिनसलं कशावरून? यंत्रावरून. आणि यंत्र होतं केतकीचं.

केतकी महापालिकेच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होती. शहरात लोक सुखी आहेत की नाहीत हे कळायचं कसं, हा तिच्या खात्यापुढचा जुना प्रश्न. विचारायला गेलं तर लोक खोटं बोलतात. कुणी नगरसेवकाला घाबरून ‘बरं चाललंय’ म्हणतो, कुणी शेजाऱ्याला मिळालं म्हणून कुरकुरतो. केतकीने ठरवलं की तोंडाला विचारायचंच नाही, गटाराला विचारायचं. माणसाच्या मनःस्थितीशी सेरोटोनिन नावाच्या रसायनाचा संबंध असतो. शरीर ते वापरतं, मोडतं आणि त्याचे अवशेष लघवीवाटे बाहेर टाकतं. ताण वाढला की कॉर्टिसॉल नावाचं दुसरं रसायन वाढतं, त्याचेही अवशेष तसेच बाहेर पडतात. प्रत्येक वॉर्डाच्या मुख्य गटारात तिने जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी बसवली. पेटी दर तासाला पाणी चाखायची, पहिल्या अवशेषातून दुसरा वजा करायची, माणशी सरासरी काढायची आणि सकाळी सात वाजता केतकीच्या टेबलावर शून्य ते शंभरमधला एक आकडा पाठवायची. हा त्या वॉर्डाचा समाधानांक. कुणा एकाचं नाव नाही, गाव नाही, चोरून ऐकणं नाही.

कल्पना बावनकशी होती. सगळ्या राज्यात नाव झालं. पुण्यात राज्यासाठी ‘समाधान कक्ष’ निघणार होता आणि त्याची प्रमुख म्हणून केतकीचं नाव जवळजवळ नक्की होतं.

महापालिकेने नियम केला, जो वॉर्ड सर्वांत असमाधानी, त्याची कामं आधी. आणि वर्षभराचे आकडे लागले तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. शहरातला सर्वांत असमाधानी वॉर्ड निघाला तलावकाठ. तिथे बंगले, बागा, चोवीस तास पाणी, आणि समाधान चौतीस. सर्वांत सुखी वॉर्ड निघाला नालापार. पाणी दिवसाआड, दवाखाना नाही, पूल नाही, आणि समाधान एक्याण्णव!

म्हणजे नालापारचा पूल रद्द. त्याऐवजी तलावावर फिरायला जाणाऱ्यांसाठी पूल. शुक्रवारच्या सभेत ठराव व्हायचा होता.

“एक्याण्णव?” आबा सहा दिवसांपूर्वी जेवता जेवता उठले होते. “अगं, मी अकरा वर्षं जळतोय इथे! माझा राग कुठे गेला तुझ्या गटारात?”

“आबा, तुम्ही एकटे आहात. वस्तीत साडेचार हजार लोक आहेत. लोक सुखी असतील तर मी काय करू?”

“कोण सुखी आहे? नाव सांग!”

“नाव कळत नाही, तीच तर खुबी आहे.”

माई मध्ये पडल्या नाहीत. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “म्हणजे पूल नाही होणार का गं आता?” तो प्रश्न केतकीच्या काळजात रुतून बसला. पण आकडा म्हणजे आकडा. सासूबाईंसाठी आकडा फिरवला असता, तर ती कसली शास्त्रज्ञ? तिने आकडा तसाच ठेवला, आबांनी अबोला धरला आणि अर्ज सुरू झाले. केतकीचा नवरा गिरीश एसटीत कंडक्टर, लांबच्या मुक्कामी गाडीवर. त्याने फोनवर दोन्ही बाजू ऐकल्या आणि रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

एक गोष्ट केतकीलाही खटकत होती. एकादशी आणि चतुर्थीला सगळ्या शहराचा समाधानांक उडी मारायचा. श्रावण तर महिनाभर खुशीत. आयुक्त कस्तुरे मॅडमना ते फार आवडलं होतं. “भक्तीचं बळ बघा!” असं त्या भाषणात सांगायच्या. केतकीला वाटायचं, असेलही.

त्यातच सुपडू कोळ्याच्या मुलीचं लग्न निघालं. सुपडू हा केळी कापणाऱ्या टोळ्यांचा मुकादम आणि नालापारमधली निम्मी बिऱ्हाडं त्याच्या हाताखाली. मुकादमाच्या पोरीचं लग्न म्हटल्यावर कापणी तीन दिवस बंद. रविवारी मांडव, सोमवारी हळद, मंगळवारी लग्न. आणि काय लग्न हो! वरण-बट्टीवर तुपाची धार, गंगाफळाची भाजी, आणि बँडवाले असे पेटले की नवरदेवाच्या आत्याने घोड्यापुढे फेर धरला. केतकी इतकी नाचली की तिच्या सँडलचा पट्टा तुटला. माई खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होत्या. खुद्द आबा, सुनेशी अबोला असलेले आबा, सुपडूच्या खांद्यावर हात टाकून बँडच्या मधोमध उभे होते आणि सुनेकडे पाठ करून नाचत होते. अख्खी वस्ती तीन दिवस हसत होती.

बुधवारी सकाळी सात वाजता केतकीच्या टेबलावर आकडा आला. नालापार : अठ्ठावीस.

तिने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. अठ्ठावीस. सोमवारी, मंगळवारी ती रजेवर होती, ते आकडे पाहिले तर बासष्ट आणि चाळीस. लग्न रंगत गेलं तसतशी वस्ती दुःखात बुडत गेली होती! पेटी बिघडली म्हणावं तर तपासणीत ठणठणीत. केतकी तशीच उठली आणि नालापारला परत आली.

सुपडू मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. आवाज बसलेला, चेहरा खुललेला.

“सुपडूभाऊ, लग्नात काही भांडण झालं का? कुणी रुसलं वगैरे?”

“रुसलं? ताई, माझा व्याही जाताना रडला, जायचं नाही म्हणून!” तो हसला. “तुम्ही बसा. चहा घ्या. द्यायला दुसरं काही नाही घरात. तीन दिवस काम बंद, साधं केळंसुद्धा नाही.”

केतकी बसता बसता थांबली.

“एरवी असतात का केळी घरात?”

“असतात म्हणजे काय, डागाळलेल्या फण्या व्यापारी घेत नाही. त्या आम्ही आणतो. सगळी वस्तीच आणते.”

“रोज किती खाता तुम्ही?”

“मी? मी कुठं केळी खातो, ताई. येता-जाता एखादं.”

“एखादं म्हणजे किती? मोजा बरं.”

सुपडूने बोटांवर मोजायला घेतलं. “सकाळी निघताना दोन. मळ्यात दोन-तीन, तिथं चुकत नाही. दुपारी भाकरीबरोबर एक. संध्याकाळी शिकरण...” त्याचं बोट हवेत थांबलं. “आठ-नऊ होतात की हो!”

केतकीला आठवली ती दहा वर्षांपूर्वीची तिची पहिली नोकरी, एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमधली. याच सेरोटोनिनच्या अवशेषाची लघवीतली तपासणी असायची, आणि पेशंटच्या चिठ्ठीवर ती स्वतःच्या हाताने लिहायची, ‘तीन दिवस आधीपासून केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो बंद.’ कारण केळ्यातच सेरोटोनिन असतं. ते मेंदूपर्यंत पोचत नाही. पोटात जातं, यकृतात मोडतं आणि अवशेष होऊन बाहेर पडतं. यंत्राला वाटतं माणूस सुखी आहे, आणि माणसाने फक्त केळं खाल्लेलं असतं.

एवढं ठाऊक असून चूक झाली कशी? तिने तर पेट्या बसवण्याआधी आहाराची पाहणीसुद्धा केली होती. ‘आठवड्यातून किती वेळा फळं खाता?’ असा प्रश्न छापला होता. सुपडूने तेव्हा उत्तर दिलं होतं, “फळं कुठली ताई, फळं श्रीमंतांनी खावीत.” सगळ्या नालापारने तेच सांगितलं होतं. फळ म्हणजे सफरचंद, डाळिंब, आजाऱ्याला न्यायचं ते. धरणखेड्यात केळं हे फळ नव्हतंच. ते खाणंसुद्धा नव्हतं. पाणी पिण्याची कुणी नोंद ठेवतं का? आणि हसू येण्यासारखी गोष्ट म्हणजे तिने स्वतःच्या घराचा फॉर्म भरताना त्या रकान्यात शून्य लिहिलं होतं, तेही हातातलं केळं संपवून.

एकादशीचं भक्तीचं बळही उलगडलं. उपवासाला सगळं शहर केळी खातं. आणि तलावकाठचे लोक साखर वाढते म्हणून केळ्याला शिवत नाहीत.

केतकी घरी आली. आबा पेपर वाचत होते. तिने त्यांच्या पुढ्यात उभं राहून सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. आबांचा पेपर हळूहळू खाली आला.

“म्हणजे,” सहा दिवसांत पहिल्यांदा ते तिच्याशी तोंडाने बोलले, “माझ्या अकरा वर्षांच्या संतापावर तू शिकरण ओतलंस?”

आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसू. माई आतून पाणी घेऊन धावल्या. केतकीलाही हसू आवरेना, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते नक्की कशाचं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मग आबा एकदम गंभीर झाले. “हे तू साहेबांना सांगितलंस तर तुझी पुण्याची जागा?”

“जाईल बहुतेक.”

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मग नको सांगू.”

“आबा!”

“ऐक माझं. मी अजून त्रेसष्ट अर्ज करीन. माझं काय जातंय? कागद आहे, पेन आहे. तशी जागा तुला पुन्हा नाही यायची, पोरी.”

केतकी त्यांच्या शेजारी बसली. हा माणूस पुलासाठी जगाशी भांडला होता, आणि आता तिच्यासाठी पूल सोडायला निघाला होता. तिला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. मागच्या ओट्यावर माईंचा आवाज चढला होता, “इंदेऽऽ!”

“सांगणार मी,” ती म्हणाली. “पण नुसतं सांगून भागणार नाही. यंत्रावर सगळ्यांचा विश्वास बसलाय. दाखवायला हवं. मदत कराल?”

आबांच्या अंगात वीस वर्षांचा गडी संचारला. गुरुवारी सकाळी सुपडूचा टेम्पो भरून डागाळलेली, पण गोड केळी तलावकाठच्या फाटकावर लागली. लपवाछपवी करायची नाही, अशी केतकीची अट होती. म्हणून आबांनी वळणदार अक्षरात फलक लिहिला : ‘विषय : केळी खाणेबाबत. महापालिकेच्या यंत्राच्या तपासणीसाठी. माणशी चार. मधुमेहींनी हात लावू नये. मी स्वतः लावत नाही.’

“फुकट?” एका बंगलेवाल्या काकांनी विचारलं.

“फुकट. पण खायची आजच,” आबांनी बजावलं.

फुकट म्हटल्यावर बंगलेवाले काय नि कोण काय, रांग लागली. बायका पिशव्या घेऊन आल्या. सकाळी फिरायला निघालेले लोक उभ्या उभ्या चार खाऊन पुन्हा रांगेत शिरत होते आणि सुपडू त्यांना ओळखून हसत हसत बाहेर काढत होता. दुपारपर्यंत टेम्पो रिकामा.

आणि नशीब बघा, त्याच दुपारी तलावकाठची वीज गेली ती सहा तास आली नाही. लिफ्ट अडकल्या, पंप बंद, पाणी बंद. वीज कार्यालयात दोनशे चौदा तक्रारी! एका गृहस्थाने तर शहर सोडून जायची धमकी दिली.

शुक्रवारी सभेच्या आधी केतकी आयुक्त कस्तुरे मॅडमच्या खोलीत उभी राहिली. टेबलावर तिने दोन कागद ठेवले. एक कालच्या तक्रारींचा, दुसरा आज सकाळच्या आकड्याचा. तलावकाठ : त्र्याण्णव.

मॅडमनी दोन्ही कागद पाहिले. “काल तर हे लोक माझ्या नावाने बोटं मोडत होते.”

“हो मॅडम. पण केळी खाऊन.”

केतकीने पहिल्यापासून सगळं सांगितलं. चूक माझी, हे दोनदा सांगितलं. मॅडमनी आकड्याचा कागद पुन्हा उचलून वाचला.

“मी रोज नाश्त्याला दोन केळी खाते,” त्या म्हणाल्या. “म्हणजे या इमारतीत मी एकटीच सुखी.” आणि त्यांनी कपाळाला हात लावला. “आणि ते भक्तीचं बळ! बाई, बाई! मी ते तीन जिल्ह्यांत जाऊन सांगून आले!”

“पुण्याला मी कळवलंय, मॅडम.”

“कळवलंसुद्धा?” मॅडमनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “तुमची जागा गेली, माहीत आहे ना?”

“हो.”

मॅडमनी पर्स उचलली. “सभा तासभर पुढे ढकला. चला, मला तुमचं नालापार बघायचंय. आकड्यांशिवाय.”

अर्धा तास त्या रेल्वेच्या फाटकात अडकल्या आणि मालधक्क्याच्या खड्ड्यांत त्यांचं डोकं गाडीच्या टपावर दोनदा आपटलं. नालापारला पोचल्या तेव्हा दुपार झाली होती आणि माई ओट्यावर उभ्या होत्या. मॅडमनी दोघी बहिणींचं ओरडणं ऐकलं, मधला नाला पाहिला. केतकीला काही सांगावं लागलं नाही. आबांनी मात्र संधी साधून चौसष्टावा अर्ज हातात दिलाच. मॅडमनी तो गाडीच्या बॉनेटवर ठेवून तिथल्या तिथे सही केली. आबा ती सही पुन्हा पुन्हा वाचत राहिले. स्वतःचा मंजूर झालेला अर्ज त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला होता.

पुण्याची जागा गेली ती गेलीच. पेट्या मात्र राहिल्या. काविळीची, गॅस्ट्रोची साथ त्या आठवडाभर आधी ओळखतात, ते काम त्यांना दिलं. समाधानाचं काम पुन्हा माणसांकडे आलं. घरोघरी जायचं, बसायचं, विचारायचं आणि लोक खोटं बोलले तर थोडा वेळ अजून बसायचं. त्या खात्याची प्रमुख केतकी.

पूल नऊ महिन्यांत उभा राहिला. एका रविवारी फीत कापली गेली, पेढे वाटले गेले. गर्दीत गुडघ्याला धक्का नको म्हणून माई त्या दिवशी घरीच बसल्या. सोमवारी सकाळी केतकीने नव्या पाहणीचा पहिला फॉर्म घेतला आणि सुरुवात स्वतःच्याच घरापासून केली.

आबांनी सगळी उत्तरं खुशीत दिली आणि सोबत पुरवणी जोडली, ‘पुलाच्या कठड्याला रंग देणेबाबत.’

“आता तुम्ही, माई,” केतकीने पेन सरसावलं. “आपल्या शहरातल्या जगण्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? शून्य ते दहामध्ये सांगा.”

माई चपला घालत होत्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात मेथीच्या लाडवांचा डबा. “आं? काय म्हणालीस?”

“समाधानी आहात का, असं विचारतेय.”

“थांब गं जरा, आले मी,” माई म्हणाल्या आणि कठड्याला धरून एकेक पाऊल टाकत पुलावर चढल्या. पलीकडे इंदूमावशी दारात येऊन उभी होती. ती ओरडली नाही. माईही ओरडल्या नाहीत.

केतकी ओट्यावर बसून राहिली. दहा वाजले, बारा वाजले. आबांनी हाताने चहा केला, त्यात साखर बिनधास्त घातली, आणि कुणी काही बोललं नाही. ऊन उतरलं तरी माईंचा पत्ता नव्हता. मावशीच्या घरातून मधूनच दोघींच्या हसण्याचा आवाज तेवढा येत होता.

फॉर्म तर पुरा करायला हवा होता. आकड्याच्या रकान्यात केतकीने रेघ मारली आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं :

‘उत्तर देणाऱ्या बाई घरी नाहीत. बहिणीकडे गेल्या आहेत.’